हार्मोनच्या पट्टीला उगाच बदनाम करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या महिला पुरवणीत पाळी जाण्याच्या वयाबद्दल आलेला लेख मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला ई-पेपरवर वाचला. अंगातून येणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, विनाकारण भरून येणारे डोळे, सगळं लेखिकेने नेमकं लिहिलंय. पण उपायांची वेळ आल्यावर शतावरी, अळशी, प्राणायाम आणि ‘मन कशात तरी गुंतवा’ एवढं सांगून शेवटी एका ओळीत निकाल लावून टाकला की हार्मोन घेणं म्हणजे कॅन्सरला घरी बोलावणं. त्या एका ओळीसाठी हे पत्र. लांबलंय. कापायचंच झालं तर माझ्याबद्दलचा भाग कापा, आकडे कापू नका.

मी डॉक्टर नाही. माहेर कराडचं, लग्नानंतर इकडे आले आणि बरीच वर्षं इथल्या एका औषधाच्या दुकानात डिस्पेन्सर म्हणून काम करते. डॉक्टरची चिठ्ठी आली की औषध काढायचं, लेबल लावायचं, फार्मासिस्टकडून तपासून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. त्यामुळे पाळी जाण्याच्या त्रासावर कोण काय घेतं, कशाला घाबरतं आणि चार महिन्यांनी काय सांगतं, हे रोज काउंटरवर कानावर पडतं. शिवाय मी स्वतः ५४ वर्षांची आहे आणि हार्मोनची पट्टी लावते.

ही पट्टी असते कशी, तेच आपल्याकडे बऱ्याच जणींनी पाहिलेलं नसतं, म्हणून आधी ते सांगते. माझी आहे ती दीड-दोन इंचांचा पातळ, पारदर्शक चौकोन. एका खोक्यात आठ, प्रत्येक वेगळ्या पाकिटात. आठवड्यातून दोनदा बदलायची, म्हणजे एक खोकं चार आठवडे पुरतं. माझे वार सोमवार आणि गुरुवार. दोन्ही उपवासाचे, त्यामुळे विसरायचा प्रश्नच येत नाही. मागच्या कागदाला नागमोडी चीर असते. तिथून अर्धा कागद सोलायचा, पट्टी टेकवायची, उरलेला कागद ओढून काढायचा आणि वरून तळहात दहा सेकंद दाबून धरायचा. जागा कमरेच्या खाली: कुल्ला, नितंबाची बाजू किंवा ओटीपोट. दर वेळी थोडी जागा बदलायची. आंघोळ केली, पोहायला गेलं तरी चालतं. चिकटत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न विचारते, “आंघोळीनंतर अंगाला तेल लावलं होतं का?” तेल, क्रीम, पावडर यांवर ती टिकत नाही. आणि आपल्या बायकांना खास सांगावं लागतं की परकराच्या नाडीखाली किंवा सलवारच्या इलॅस्टिकखाली लावू नका, घासून कड उचलते. काढल्यावर कातडीवर गोंदाची काळी चौकट राहते, तिला मात्र तेलाचा बोळा लागतो. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडायची आणि कचऱ्यात टाकायची. तिच्यात औषध शिल्लक असतं, पोराबाळांच्या हाती लागू द्यायची नाही.

एक गुजराती बेन छातीत धडधडतं म्हणून पट्टी थेट छातीवर लावून आल्या होत्या. तिथे लावायची नाही. स्तनावर किंवा त्याच्या जवळपास कधीच नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे ‘हार्मोन’ म्हटलं की सगळ्या एकच औषध धरतात. पाळी जाताना अंगात कमी होतं ते इस्ट्रोजेन हे हार्मोन. गोळीतून पोटात गेलं की ते आधी यकृतातून जातं. तिथे रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात, म्हणून गोळीने पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पट्टीतलं औषध कातडीतून थोडं थोडं, दिवसरात्र, सरळ रक्तात उतरतं. यकृताची ती पहिली फेरी चुकते. आमच्या उसाच्या मुलखात समजावायचं तर गोळी म्हणजे पाटाचं पाणी आणि पट्टी म्हणजे ठिबक. पट्टीवर २५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा असतो. चोवीस तासांत किती मायक्रोग्रॅम औषध अंगात जाणार, तो हा आकडा. इतकं कमी औषध लागतं याचं कारणही तेच, ते वाटेत यकृतात खर्ची पडत नाही.

हे काही जाहिरातीतलं नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८० हजारांहून अधिक रक्तगाठीच्या रुग्ण बायकांच्या नोंदी तपासून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला, पट्टी किंवा कातडीवर चोळायचं जेल वापरणाऱ्यांत दिसला नाही. इथल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेच्या डॉक्टरांसाठीच्या सूचनांमध्ये २०१५ पासून हा फरक लिहिलेला आहे. वजन जास्त असेल, अर्धशिशी असेल किंवा रक्तगाठीची भीती असेल तर इथले डॉक्टर गोळीऐवजी पट्टीकडेच वळतात. आणि पट्टी काही काल-परवा निघालेली नाही. अमेरिकेत पहिल्या इस्ट्रोजेन पट्टीला परवानगी मिळाली १९८६ मध्ये. तेव्हा मी कराडला शाळेत होते.

दुसरी गोष्ट लेखात नव्हतीच, ती म्हणजे गर्भपिशवी. जिची पिशवी शाबूत आहे तिने नुसतं इस्ट्रोजेन घ्यायचं नसतं. एकट्या इस्ट्रोजेनने पिशवीचं आतलं अस्तर वाढत जातं आणि पुढे त्याचाच कॅन्सर होऊ शकतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. काही पट्ट्यांत ते मिसळलेलं असतं, काहींना वेगळी कॅप्सूल देतात. काही जणी तांबीसारखी पिशवीत बसवायची हार्मोनची टी वापरतात. मी कॅप्सूल घेते, रात्री झोपताना, कारण तिने गुंगी येते. झोपेचं खोबरं झालेल्या बाईला ती गुंगी म्हणजे बोनसच. आपल्याकडे हीच कॅप्सूल गरोदर बायकांना सर्रास देतात, त्यामुळे पन्नाशीच्या बाईला लिहून दिली की घरात कुजबूज सुरू होते. माझ्या एका मावशींनी तर ती मुलाला मागवायला लाज वाटते म्हणून घेतलीच नाही आणि पट्टी तेवढी चालू ठेवली. नेमकं हेच करायचं नसतं.

आता त्या कॅन्सरच्या ओळीकडे येते.

ही भीती आली कुठून ते सांगते. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली. १६,६०८ बायका, सरासरी वय ६३. म्हणजे पाळी जाऊन सरासरी दहा-बारा वर्षं झालेली. दिलेलं औषध गोळीतलं: गाभण घोडीच्या लघवीपासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि त्यासोबत प्रोजेस्टेरॉनसारखं, प्रयोगशाळेत बनवलेलं एक प्रोजेस्टिन. दुसऱ्या दिवशी जगभरातल्या वर्तमानपत्रांत मथळा होता, स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. आकडा खोटा नव्हता. पण २६ टक्के कशाचे? ज्या औषध घेत नव्हत्या त्यांच्यात दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना कॅन्सर झाला, ज्या घेत होत्या त्यांच्यात ३८ जणींना. आठ जास्त. या आठ जणी कुणाच्या तरी आया-बहिणी होत्या, त्या मी गाळत नाही. पण ‘दहा हजारांत आठ’ असा मथळा आला असता तर बायका औषधं कचऱ्यात टाकून रात्र रात्र जागत बसल्या नसत्या. त्याच चाचणीत खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर कमी झाले होते, ते मात्र मथळ्यात आलं नाही.

या चाचणीचा दुसरा भाग पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांचा होता. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तोही २००४ मध्ये थांबवला, पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून. पण स्तनाचा कॅन्सर? या गटात तो वाढला नव्हता, उलट पुढची अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर कमीच भरला.

म्हणजे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पट्टीचा फायदा रक्तगाठीच्या बाबतीत आहे, स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीत पट्टीला अशी सूट नाही. इथल्या बायकांसाठीच्या माहितीपत्रकात एक तक्ता आहे, तो मी काउंटरवर प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलाय. ५० ते ५९ वयाच्या १,००० बायका घेतल्या तर काहीही न घेता पाच वर्षांत २३ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत त्यात ४ ची भर पडते. लठ्ठ असणाऱ्यांत २४ ची. रोज मद्याची दोन मापं किंवा जास्त घेणाऱ्यांत ५ ची. आठवड्यात अडीच तास चांगला घाम काढणाऱ्यांत ७ कमी. नंतर २०१९ च्या एका मोठ्या संकलनात धोका याहून जास्त दिसला: पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतली, तर वयाच्या सत्तरीपर्यंत दर ५० बायकांमागे एक जास्तीचा रुग्ण; नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर दर २०० मागे एक. मी बायकांना दोन्ही आकडे सांगते. एक बाई तक्ता बघून म्हणाली, “मग मी आधी वजन उतरवते, पट्टीचं नंतर बघू.” तो तिचा निर्णय. दुसरी म्हणाली, “मला चार महिने झोप नाही, उद्या गाडी कुठे ठोकीन त्याचा धोका या तक्त्यात कुठाय?” तोही मुद्दा बरोबरच.

ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, ज्यांच्या अंगावरून अधूनमधून जातं आणि कारण सापडलेलं नाही, ज्यांचं यकृत फार बिघडलंय, त्यांनी हे घ्यायचं नसतं. सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत थोडं डाग दिसणं, स्तन दुखणं, पट्टीच्या जागी लाल चौकोन उठणं हे होतं. सहा महिने उलटूनही रक्त जात राहिलं तर मात्र तपासून घ्यायलाच हवं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायदा जास्त, धोका कमी. सत्तराव्या वर्षी तरुण दिसायचं म्हणून कुणी मागायला आली तर आमचे फार्मासिस्ट तिला हात जोडतात.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकांतले काळ्या चौकटीतले बहुतेक इशारे काढायचं जाहीर केलं. बातमी चांगली आहे. पण त्या वेळी तिकडच्या पुढाऱ्यांनी केलेली भाषणं ऐकून मी कपाळाला हात लावला. याने म्हातारपणच टळतं की काय असं वाटावं! तेवीस वर्षं भीती घातली, आता एकदम आरती ओवाळायला निघालेत. पट्टीचं काम वाफा, घाम, झोप, कोरडेपणा आणि हाडं यांचं. बाकीचं पदरात पडलं तर पडलं.

इकडेही सगळं सरळ नव्हतं. २०२१ मध्ये कॅरोलिन हॅरिस या वेल्सच्या खासदार बाईंनी या औषधांसाठी संसदेत विधेयक आणलं, टीव्हीवर, कचेऱ्यांत उघड बोलणं सुरू झालं आणि मागणी इतकी वाढली की २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर जेलच्या बाटल्या गायब. एप्रिलमध्ये सरकारने तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा एका वेळी द्यायचा नाही असा नियम काढला. आमच्या काउंटरवर कॉव्हेंट्रीहून गाडी काढून आलेल्या बायका उभ्या असायच्या. पुढे एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये वर्षाचं एक प्रमाणपत्र काढलं की ही औषधं दोन चिठ्ठ्यांच्या फीमध्ये वर्षभर मिळू लागली. आता ती रक्कम १९ पौंड ८० पेन्स आहे. तरीही आमच्या दुकानात ते प्रमाणपत्र काढणाऱ्या बहुतेक गोऱ्याच. इथल्या भारतीय वस्तीतल्या, बेलग्रेव्ह रोडच्या आपल्या बायका गुडघ्यांसाठी मलम नेतात, झोपेसाठी कायतरी द्या म्हणतात, ॲसिडिटीचं नेतात. पाळीचा विषय काढला की “हवे तो उमर थई गई ने,” (आता वय झालं ना) म्हणून हसतात आणि औषधांची पिशवी उचलतात.

हे सगळं मी इथल्यापुरतं ठेवलं असतं. पण माझी भावजय कराडला आहे.

तिचं वय आज ४६. गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, म्हणून ३९ व्या वर्षी एका खासगी दवाखान्यात तिची पिशवी काढली. तेव्हापासून तिचं तंत्रच बिघडलं. भर थंडीत पंखा लावून बसायची, रात्री तीन-तीनदा गाऊन बदलायची. भाऊ फोनवर सांगायचा, “ताई, हिचा स्वभाव फार बदललाय गं.” कुणी म्हणालं रक्त कमी झालंय, कुणी म्हणालं पोरगी सासरी गेली म्हणून मनाला लावून घेतलंय. तिला कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, मग झोपेच्या मिळाल्या. दोन वर्षांपूर्वी मी गेले तेव्हा ती मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, “वन्सं, माझं पाळी जायचं वय नाही ना अजून? आईची तर पन्नाशीला गेली. पिशवी काढली तरी वाफा येतात का हो?”

मी तिचा डिस्चार्ज कार्ड मागितला. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतच होता, घडीवर फाटलेला. ऑपरेशनच्या रकान्यात इंग्रजीत अक्षरं होती: टीएएच विथ बीएसओ. टीएएच म्हणजे पोट उघडून गर्भपिशवी काढली. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढली. पाच वर्षं या बाईला माहीत नव्हतं की तिची अंडाशयं तिच्या अंगात नाहीत. भावाने सही केली होती, कागद इंग्रजीत होता, “सगळं साफ केलंय, आता काळजी नाही” एवढंच त्याला सांगितलं होतं.

अंडाशयं राहिली असती तर इस्ट्रोजेन हळूहळू, काही वर्षांत कमी झालं असतं. काढल्यावर ते एका दिवसात बंद होतं. ३९ व्या वर्षी. हा नुसता वाफांचा प्रश्न नसतो. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच इतक्या लवकर अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नास-एकावन्नपर्यंत, हार्मोन द्यावं अशीच जगभरातल्या तज्ज्ञांची शिफारस आहे. इथे आपण जास्तीचं काही देत नाही, जे अवेळी काढून घेतलं ते भरून देतो. २००२ ची ती चाचणी सरासरी ६३ वयाच्या बायकांवरची, तिची भीती चाळिशीच्या बाईला घालणं म्हणजे शुद्ध अन्याय आहे. आणि पिशवीच नसल्यामुळे हिला प्रोजेस्टेरॉनचीही गरज नव्हती. सगळ्यांत सोपी केस हिची, आणि हिलाच पाच वर्षं कुणी काही दिलं नाही.

तो कार्ड घेऊन ती दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. त्यांनी रक्तदाब, मॅमोग्राफी, हाडांची डेक्सा तपासणी करून घेतली, घरात कुणाला कॅन्सर आहे का विचारलं. हाडं वयाच्या मानाने विरळ निघाली. त्यांनी पट्टीचं नाव काढलं, पण मिळाली तर बघा म्हणाल्या. भाऊ कराडातली मेडिकल फिरला. एकाने पाठदुखीची पट्टी काढून दिली, दुसऱ्याने विचारलं, “सिगारेट सोडायची का साहेब?” शेवटी जेल मिळालं. तेही कातडीतूनच जातं, फक्त रोज चोळावं लागतं आणि वाळेपर्यंत थांबावं लागतं. ती आंघोळीनंतर दंडाला लावते आणि तासभर नातवाला उचलून घेत नाही, कारण ते लहान मुलाच्या कातडीला लागता कामा नये. महिन्या-दीड महिन्यात घाम थांबला. गुडघे अजून दुखतात. ते जेलने जाणार नव्हतेच.

ओळखीच्या बायका मला सांगतात, येताना चार खोकी पट्ट्या घेऊन ये. मी आणत नाही, आणणारही नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध वाटत सुटणं हा गुन्हाही आहे आणि बिनडोकपणाही. कुणाची पिशवी आहे, कुणाची नाही, कुणाच्या छातीत गाठ आहे, हे मी विमानतळावरच्या बॅगेतून कसं ठरवणार?

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. लहानपणी मी त्यांची पालं पाहिली आहेत, कोयत्यामागे नवरा-बायको दोघंही राबायचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये अहवाल दिला. ८२,३०९ महिलांची पाहणी, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, मुकादमाने पैसे कापू नयेत, म्हणून तरण्याताठ्या बायका टेबलावर झोपल्या. पिशव्या का काढल्या यावर तेव्हा पुष्कळ लिहून आलं, ते यायलाच हवं होतं. पण काढल्यानंतर या बायकांचं काय? किती जणींच्या कार्डावर बीएसओ लिहिलंय? ज्यांची अंडाशयं ठेवली त्यांचीही ती थोडी लवकर थकतात. पस्तिशीत अंडाशयं गेलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, तिच्या मणक्याचं आणि खुब्याच्या हाडाचं वय काय असेल याचा विचार करा. तिला शतावरी घ्या आणि मन रमवा म्हणून सांगणार का आपण?

माझी मागणी मोठी नाही. पिशवीच्या ऑपरेशननंतर बाईच्या हातात मराठीत लिहिलेला कागद द्यावा: काय काढलं, अंडाशयं ठेवली की काढली, आणि काढली असतील तर पुढे काय घ्यायचं आणि कोणत्या वयापर्यंत. हा नियम सरकारी दवाखान्यांना एका परिपत्रकात लावता येईल, खासगीवाल्यांनाही. जेल किंवा पट्टी जिल्हा रुग्णालयाच्या औषधांच्या यादीत असावी, निदान चाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्यांसाठी तरी. आपल्या उन्हात, घामात पट्टी किती टिकेल ही शंका रास्त आहे. नाही टिकली तर जेल आहे.

आणि तुम्हाला विनंती ही, की त्याच पुरवणीत एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून गोळी, पट्टी आणि जेल यांतला फरक लिहून घ्या. सोबत एक छोटी चौकट टाका. तिच्यात टीएएच आणि बीएसओ ही अक्षरं मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिपींत, अर्थासकट मोठ्या टायपात छापा. म्हणजे आपापला जुना कार्ड शेजारी ठेवून बायकांना ताडून बघता येईल.

आपली,
एक वाचक, लेस्टर (माहेर कराड)

(भावजयीच्या परवानगीने लिहिलं आहे. कृपया नाव छापू नये.)